वाटेचा कौल

आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कोणतंही मोठं काम होत नाही. अपवाद खाणीचा. डोंगर पोखरायला सुरुवात झाली तेव्हा कौल लावल्याचं कोणालाच आठवत नाही.

मुलगी चार वर्षांची असताना तिच्या रक्तात कर्करोग निघाला. मी साखळी गावच्या शाळेत शिकवतो. पगारात घर चालतं, असला आजार चालत नाही. एका संस्थेने आम्हाला हात दिला. औषधं, हॉस्पिटलजवळ राहायला खोली आणि आमच्या पाळी गावाहून ने-आण करायला गाडी. गाडीच्या दोन्ही बाजूंना संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो होता, दारापेक्षा थोडा मोठा. मुलगी त्यांना ‘गाडीतला मामा’ म्हणायची. मामा प्रत्यक्षात आम्हाला कधी भेटले नाहीत. भेटायच्या त्या संस्थेच्या एक बाई. किनाऱ्यावरच्या हरमलहून स्कूटरने यायच्या. त्यांच्या घरी पर्यटकांना खोल्या देतात. समोरच्याला न दुखावता हवं ते करून घ्यायची कला त्यांना तिथेच साधली असावी.

पहिल्या खेपेच्या औषधांनी मुलीचे केस गेले, तोंड आलं, पेजही गिळेना. दुसरी खेप सोमवारी सुरू व्हायची होती आणि ती लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शनिवारी बाई गाडीची वेळ सांगायला आल्या, तेव्हा माझ्या वडिलांनी जाहीर केलं, “पयल्या वेळार देवाक विचारलां ना, म्हणून हें सगळें जालां. आतां कौल लावल्याबगर पोर हालवची ना.”

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

“देवाला रक्ताचा रिपोर्ट वाचता येतो का?” मी विचारलं.

“तुका तरी खंय येता?” वडील म्हणाले.

हे खरं होतं.

बायकोने मला आत बोलावलं. “तुम्ही गप्प बसा बघू. उजवी पडली तर ठीक. पण डावी पडली ना, तर माझेच पाय उचलणार नाहीत.” ती पदवीधर आहे. निम्मा निर्णय कळीवर सोडून मी बाहेर आलो, आणि तेवढ्यात ठरवलं: डावी पडली तर मुलीला एकटा उचलून नेईन. त्यानंतर या घरात काय उरेल, याचा विचार करायचं टाळलं.

बाहेर बाई चहा पीत होत्या. “काका, कौल लावाच,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. “पण पोरीला न्यायची की नाही, हे काय देवाला विचारायचं? आजारी पोर वैद्याकडे न्यायचं, एवढं त्याने आपल्याला शिकवलेलंच आहे. तोच प्रश्न परत विचारला तर म्हणेल, माणसं ढ आहेत.”

“मग किदें विचारूं?”

“वाट विचारा. उजवी पडली तर साखळीवरून, डावी पडली तर उसगावावरून.”

वडिलांनी बराच वेळ सुपारी कातरली. “वाट विचारूं येता,” ते म्हणाले. “पोरीक घेवन येतां देवळांत.”

“ती घरीच,” बाई म्हणाल्या. “तिला गर्दी नको, फुलं नकोत, जंतू लागतील.”

“देव घरबसल्यां ऐकतलो?”

“देवाचे कान लांब असतात, काका. आपलेच आखूड.”

रविवारी मुलीजवळ शेजारीण बसली आणि देवळात गाऱ्हाणं झालं. गावातल्या एका जाणत्याने देवाला पोरीचं वय, आजार आणि सोमवारची सहाची गाडी असं सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. अध्यक्षांचा उल्लेख राहून गेला. दोन्ही वाटा हॉस्पिटललाच जातात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही कळ्यांवरून माझी नजर हलेना. अर्ध्या तासाने डावी पडली. उसगाव. बायकोने पहिल्यांदाच सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती पिशवी भरायला घरी गेली.

सोमवारी सहाला निघालो. वडील ड्रायव्हरशेजारी, मागे आम्ही तिघं. मुलीच्या तोंडावर मास्क, डोक्यावर कानटोपी. साडेआठच्या आत नोंदणीच्या खिडकीवर पोचायचं होतं. उसगावच्या अलीकडे खनिजाचा ट्रक रस्त्यात आडवा पडला होता आणि लाल माती दोन्ही बाजूंच्या गटारांपर्यंत पसरली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मुलगी पायाने सीटवर ठोकत होती. मी वडिलांच्या मानेकडे बघत होतो.

“फिरव,” वडील म्हणाले.

ड्रायव्हर गोंधळला. “पण काका, देवान…”

“देवान वाट सांगल्या. ट्रक कोणें उलटायलो तें देवाक विचार मागीर. फिरव गाडी.”

पुजाऱ्याला फोन करून बदल कळवावा, असं मी सुचवलं.

“तोंड धांप आणि घड्याळ पळय,” वडिलांनी मनगटावर बोट ठेवत मला गप्प केलं.

गाडी मागे वळली, पाळी ओलांडून साखळीच्या रस्त्याला लागली. वडिलांनी वाटेत एकही देऊळ नमस्काराविना सोडलं नाही, पण थांबू कुठेच दिलं नाही. आठ पंचवीसला आम्ही खिडकीसमोर होतो. रांगेत आमचा नंबर तिसरा. कारकून अजून यायचा होता.