कवळीमास्तरांनी बॉयलर घासला

कवळीमास्तरांच्या हातात घासण्याजोगी वस्तू द्यायची नसते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मास्तर दातांच्या कवळ्या बनवत. शिकवलं त्यांनी कधी कुणाला काही नाही, पण बोलताना बोट वर करायची सवय, म्हणून मास्तर. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. नवा माणूस आत शिरला की त्याला वाटे, आपण काहीतरी विनोद केला आणि सगळे एकदम हसले. कुणी चिरलेली कवळी आणून दिली तर मास्तर ती सांधत, मग घासत, मग पॉलिश करत, मग उजेडात धरून "हं, इथे जरासं..." असं पुटपुटत पुन्हा घासत. न्यायला आलेला माणूस ती तोंडात बसवून विचारी, "मास्तर, ही माझीच ना?"

अशा माणसाच्या ताब्यात त्यांच्या लेकीने अख्खं कॉफीचं मशीन दिलं.

लेक आधी एका कचेरीत होती. तिथले साहेब "आपण इथे सगळे एक कुटुंब आहोत" असं म्हणत आणि रविवारी कामाला बोलवत. कंटाळून तिने नोकरी सोडली आणि वाचनालयाच्या आवारात कॉफीचं छोटंसं दुकान टाकायचं ठरवलं. नवं मशीन काही परवडेना. मग एका बंद पडलेल्या हॉटेलातलं जुनं मशीन तिने उचललं. कॉफीची पूड भरून अडकवायच्या दोन दांड्यांचं, चौघांनी धरल्याशिवाय न हलणारं, आणि एका अंगाला असं गंजलेलं की वाटावं, ते समुद्रातून पोहत आलंय.

"मशीनचं मी बघतो," बोट वर करून मास्तर म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. तुझी जागा अजून रिकामी ठेवली आहे, यायचं असेल तर शनिवारपर्यंत कळव, कुटुंब वाट बघतंय. म्हणजे हिशेब सरळ होता. मशीन चाललं तर दुकान, नाहीतर पुन्हा साहेबांचं कुटुंब.

हॉटेलात ते मशीन आयुष्यभर चालवलेला म्हातारा मशीन पोचवायला घरी आला होता. जाता जाता तो म्हणाला, "बाहेरून काय वाटेल ते करा मास्तर. आतल्या बॉयलरला मात्र फार छेडू नका. थोडं कीटण राहू द्या."

"ऐकलंस ना बाबा?" लेकीने विचारलं. "आत खरवडायचं नाही."

"हो हो हो," मास्तर म्हणाले.

मास्तरांचं एक 'हो' म्हणजे हो, दोन म्हणजे बघू, आणि तीन म्हणजे मुळीच नाही. लेकीला हे माहीत होतं. पण दुकानाच्या भिंतीसाठी रंग विकणारा माणूस फोनवर खोळंबला होता, त्या गडबडीत तिने मोजलं नाही.

पहिले काही दिवस मास्तरांनी खरंच दृष्ट लागावी असं काम केलं. दांड्यांच्या मुठी फुटल्या होत्या, त्या त्यांनी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून ओतल्या. मुठी झाल्या देखण्या, पण हुबेहूब हिरड्यांसारख्या.

"मी या मुठीला हात लावणार नाही," मास्तरांची बायको म्हणाली. ती कापडाच्या दुकानात कामाला जाई आणि घरी आली की रोज एक नवा सुटा भाग तिला नव्या ठिकाणी सापडे. कालचा स्क्रू साखरेच्या डब्यात होता. "चावेल मला ती."

मग मास्तर बॉयलरकडे वळले. तांब्याचं हे पिंप त्यांनी मशीनमधून सोडवलं, झाकण काढून आत टॉर्च मारला आणि त्यांच्या तोंडून "अरे देवा!" निघालं. आत पांढरं कीटण बोटभर जाड बसलेलं. आयुष्यात एकदाही दात न घासलेल्या माणसाच्या तोंडात डोकावावं तसं. मास्तर थोडा वेळ दुसरीकडे बघत बसले. म्हाताऱ्याचं वाक्य त्यांना आठवलं. 'थोडं राहू द्या.' थोडं म्हणजे किती, ते कुठे सांगितलं होतं?

बॉयलर न्हाणीघरातल्या टबात गेला. वरून लिंबाच्या सत्त्वाचं पाणी. टब फसफसायला लागला.

"अहो, मी अंघोळ कुठे करायची?" बाहेरून बायको.

"शेजारी!"

दुपारपर्यंत पांढरं निघालं. मग मास्तरांनी कवळीचे लहान लहान ब्रश घेतले, मग त्याहून लहान, आणि शेवटी सांधेकोपऱ्यांत जाणारी ती वाकडी सळई. संध्याकाळी बॉयलर आतून असा लखलखत होता की मास्तरांनी त्यात स्वतःचं नाक बघितलं.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर त्यांनी बॉयलर मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला, सगळी तोंडं बंद केली आणि नळकाम करणाऱ्या शेजाऱ्याकडून आणलेल्या पंपाने, कुठे गळतंय का ते बघायला, आत गार पाणी दाबायला सुरुवात केली. पंपावरचा दाबाचा काटा थोडा वर सरकला, आणि बॉयलरच्या अंगातून तीन बारीक कारंजी उडाली. एक छताला. एक प्लास्टरच्या जबड्यांवर. आणि तिसरं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाईंच्या थेट चष्म्यावर.

सासूबाई म्हणजे मास्तरांच्या बायकोची आई. वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "याला आधीपासून भोकं होती की तुम्ही पाडलीत?"

मास्तरांना उत्तर कळलं होतं. भोकं जुनीच होती. तांबं कधीच झिजलं होतं. कीटण त्यात बुचासारखं बसलं होतं, आणि वर्षानुवर्षं हॉटेलातली कॉफी त्या बुचाच्या भरवशावर निघत होती. मास्तरांनी तिन्ही बुचं एकेक करून, वाकड्या सळईने, मन लावून काढली होती.

"आई, हे पोरीला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "मी दुरुस्त करतो."

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. पत्ते खेळणाऱ्याला आपल्या हातात काय आलंय ते कळलं की पसरतं, तसं.

"माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. माझ्या खऱ्या दातांत," त्या म्हणाल्या.

"आई, आत्ता हे काय—"

"त्या फटीतून मी शिट्टी मारायचे. तीन गल्ल्या पलीकडची पोरं वळून बघायची. तुम्ही मला भिंतीसारखी कवळी करून दिलीत. कितीदा म्हटलं, फट ठेवा. तुम्ही काय म्हणालात?" इथे सासूबाईंनी बोट वर केलं आणि आवाज जाड केला. "'आई, मी फटीची कवळी बनवत नाही. माझं नाव जाईल.'" बोट खाली आलं. "आज बनवा. नाहीतर नातीला आत्ताच फोन लावते."

मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा एका बिनचूक कवळीला फट पाडली. कानशीच्या प्रत्येक घासाला ते स्वतःच विव्हळत होते. सासूबाईंनी कवळी बसवली, खिडकीशी गेल्या आणि शिट्टी घातली. खाली सायकलवरून चाललेल्या पाववाल्याने ब्रेक दाबला आणि वर बघितलं. सासूबाई पडद्याआड झाल्या, आणि पडद्याआडून हसू लागल्या.

करार पक्का झाला. आता भोकं बुजवायची. कवळीच्या तारा जोडायला मास्तरांकडे चांदीचा डाख होता, आग फेकणारा टॉर्चही होता. पण तो टॉर्च तारेच्या मापाचा. एवढं मोठं तांबं त्याने तापेना. शेजाऱ्याचा मोठा टॉर्च आणावा लागला. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा, मग डाखाची काडी कोण धरणार?

"द्या इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ओव्हनचे हातमोजे चढवले आणि मोठा टॉर्च घेतला.

"आई, जपून. पडदा आहे मागे."

"माझी काळजी करू नका, तुमची काडी बघा."

दोन भोकं त्या दोघांनी बुजवली. प्रत्येक ठिकाणी डाखाची एक बोजड, ओबडधोबड गाठ बसली. तिसरं भोक अडचणीचं होतं. जुन्या सांध्याला लागूनच, जरा जास्त तापवलं तर सांधाच सुटायचा. मास्तर ते उद्यावर ढकलत राहिले.

मधल्या काळात वेगळी राहणारी लेक रोज फोन करी.

"बाबा, कुठवर आलं?"

"झालंच. वॉशर वाळतायत."

"रबर वाळतं?"

"चांगलं रबर वाळतं."

दुसऱ्या दिवशी, "काटा जरा बसू द्यावा लागतो." तिसऱ्या दिवशी, "मशीनला घराची हवा मानवायला हवी ना." मागे सासूबाई उशीत तोंड खुपसून हसत असत.

शनिवारी सकाळी लेक स्वतःच आली. चप्पलसुद्धा न काढता मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बॉयलरवर मास्तरांनी घाईघाईने चादर टाकली होती. तिच्याखाली कुणीतरी झोपल्यासारखं दिसत होतं.

"बाबा, आत नाही येत, उशीर होतोय. साहेबांना आज उत्तर द्यायचंय. एवढंच सांग, मशीन चालेल ना? तू चालेल म्हणालास तर मी त्यांना नाही म्हणून मोकळी होते. माझा तुझ्यावर भरवसा आहे."

मास्तरांनी बोट वर केलं. तोंड उघडलं. 'हो हो हो' जिभेवर अगदी तयार होतं. पण पोरीच्या हातावर भिंतीचा पिवळा रंग सुकलेला होता, कोपरापर्यंत. तिने तो घासून काढला नव्हता. मास्तर त्या रंगाकडे बघत राहिले, आणि बोट आपोआप खाली आलं.

"मी बॉयलर खरवडला," ते म्हणाले. "तीन भोकं पडली. दोन बुजवली. तिसऱ्याला हात लावायची भीती वाटते. वॉशर वाळत नाहीत."

फळीवरचे सगळे जबडे दात दाखवत हसत होते.

"अहो!" हातमोजे घेऊन स्टुलावर बसलेल्या सासूबाई ओरडल्या. "मी तर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं! मग फट कशाला पाडलीत?"

"आजी, तुलाही माहीत होतं?" लेक गरकन वळली. "आणि ही शिट्टी मारून पाववाल्याला कोण छळतंय म्हणून खालचे विचारत होते, ती तू?"

सासूबाईंनी छताकडे बघितलं.

लेक मास्तरांकडे वळली. "भोकांचा राग नाही आला मला. जुनं मशीन आहे, फुटणारच. पण 'चांगलं रबर वाळतं'?" तिने बोट वर केलं, मान तिरकी केली, आणि त्या खोलीत क्षणभर दोन मास्तर झाले. "मी उद्या ते पाणी गिऱ्हाइकाच्या अंगावर उडवलं असतं बाबा. साहेबांना नाही म्हणून बसले असते, आणि इथे दुकानात छत्री घेऊन कॉफी विकली असती."

"चुकलं."

"किती वेळा?"

"एकदाच म्हणतो. एकदा म्हणजे खरं."

लेकीने चप्पल काढली, बाह्या वर केल्या, आजीच्या हातातले हातमोजे घेतले. "काडी धर. साहेबांना दुपारी फोन करते. काय सांगायचं ते हे भोक ठरवेल."

तिने मोठा टॉर्च फिरता ठेवला, एका जागी टेकूच दिला नाही. मास्तरांनी जुन्या सांध्यावर ओली चिंधी गुंडाळली, म्हणजे तिथे आच पोचू नये. तांबं लालसर झालं. "आता," लेक म्हणाली. डाख वितळला, धावला आणि भोकात उतरला. वर पुन्हा एक कुरूप गाठ उरली. गार झाल्यावर मास्तरांचा हात कानशीकडे गेला.

"बाबा."

"नुसतं वरचं जरासं..."

"बाबा!"

मास्तरांनी कानस फळीवर ठेवली. मग उचलली, आणि सरळ सासूबाईंच्या हातात दिली. "हिला कुठेतरी लपवा. मला सांगू नका."

पंप लेकीने मारला. काटा वर गेला, कामाला जेवढा दाब लागतो तिथवर गेला, तिने आणखी दाबला, त्याच्याही बराच पुढे गेला. बाप-लेक दोघं बॉयलरभोवती कागद फिरवत राहिली; थेंब पडला तर कागद ओला व्हावा म्हणून. सासूबाई छताकडे बघून आणि चष्मा हाताने झाकून उभ्या होत्या. काटा हलेना. कागद कोरडेच.

बॉयलर मशीनमध्ये चढेपर्यंत आणि ते तापेपर्यंत दुपार झाली. मशीन आधी कण्हलं, मग गुरगुरलं, मग वाफेची नळी अशी किंचाळली की शेजारीण दार वाजवून गेली. लेकीने गुलाबी मूठ धरून दांडा बसवला, आणि कपात काळीभोर, जाड धार उतरली. वर तपकिरी साय. तिने तो कप बापाच्या हातात दिला.

मास्तरांनी जन्मात चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. गालातल्या गालात काहीतरी झगडा झाला.

"कशी आहे?"

सासूबाई आणि लेक दोघी टक लावून बघत होत्या.

"कडू आहे गं," मास्तर म्हणाले. "भयंकर कडू आहे. औषध आहे हे."

लेक हसत सुटली. हसता हसताच तिने फोन काढला आणि कानाला लावला.

"नमस्कार साहेब. हो, निरोप मिळाला. नाही, नाही येत. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. काय? हो, कुटुंब आहे ना, माहितेय. पण माझं इथे दुसरं एक आहे, आणि त्याला आत्ता एकटं सोडलं तर ते बॉयलर पुन्हा उघडेल."