सव्वीस वर्षांच्या पोरीले कशाचं बीपी

एप्रिलमध्ये चंद्रपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीचं रक्तदान शिबिर होतं. मी आलापल्लीला सरकारी कार्यालयात लिपिक. जयंतीसाठी घरी आले होते. टेबलाशी बसलेल्या मुलीने माझ्या दंडाला पट्टी बांधली, फुगवली, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवली.

"एकशे छप्पन, एकशे दोन. ताई, आज तुमचं रक्त नाई घेता येत."

आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "उन्हातून आली ना. पाणी पी, उतरते."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वय विचारलं. सव्वीस म्हटल्यावर ते हसलेच. "मग कशाचं बीपी! पहिल्यांदा रक्त द्यायला गेलीस, घाबरली असशील." पट्टी बांधलीच नाही. मीही बांधा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर हलकं वाटलं.

ते दोन दिवस टिकलं. आलापल्लीला परतल्यावर मी एका औषधाच्या दुकानात शिरले आणि चढत्या श्वासाने उभ्याउभ्याच बीपी मोजलं. जास्त. चार दिवसांनी दुसऱ्या दुकानात बरं निघालं. मग पुन्हा जास्त. टेबलावर फाईल उघडी असायची आणि माझं बोट मनगटावर. डोकं दुखलं की वाटायचं, हे तेच. नाही दुखलं तर वाटायचं, आतल्या आत काही चाललं असेल. फोनवर आई एकच सांगायची, "कोणाले बोलू नको. पोरीले बीपी हाये म्हटलं तर कोण येईन पाहाले?"

पावसाळ्यात खोकला झाला म्हणून मी आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या सिस्टरने पट्टी उचलली तसा मी हात मागे घेतला.

"नको. माझं मशीनवर वाढतेच."

"मशीनवर वाढते का तुमचं वाढते, पाहू ना," ती म्हणाली. तिने मला खुर्चीला टेकून बसवलं, पाय जमिनीवर ठेवायला लावले, हात टेबलावर ठेवला. "आता पाच मिनिटं बोलायचं नाई." ती पाच मिनिटं मला जड गेली. मग ती पट्टी गुंडाळू लागली आणि थांबली. "ही तुमच्या दंडाले लहान पडते. लहान पट्टीनं आकडा वाढून दिसते." कपाटातून तिने मोठी पट्टी काढली.

माझ्या मनात एकदम उजाडलं. म्हणजे सगळा घोळ पट्टीचाच!

मोठ्या पट्टीवर एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव आलं. आधीपेक्षा कमी, पण कमी नव्हे. "एका आकड्यावर ठरवत नसतात," सिस्टर म्हणाली. "आठ दिवस सकाळ-संध्याकाळ या. चहा पिऊन येऊ नका."

मी सोळा वेळा गेले. दोनदा वाटेतून परत फिरले होते, पण पुन्हा वळले. कधी आकडा थोडा खाली यायचा, कधी वर. बरोबर एकदाही निघाला नाही. आठव्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि सरळ सांगितलं, "बीपी आहे. या वयात असलं तर किडनी बघावी लागते." मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. रिपोर्ट यायचे होते त्या आठवड्यात मी कार्यालयात एकच पत्र तीनदा टाईप केलं.

किडनी ठीक निघाली. गोळी सुरू झाली.

"घरात कोणाला आहे का?" असं बाईंनी विचारलं होतं, तेव्हा मी बेधडक नाही म्हटलं होतं. नंतर लक्षात आलं, घरात कोणी कधी मोजलंच नव्हतं. दिवाळीआधी आई आली, तेव्हा तिला मी केंद्रात नेलं. तिचा आकडा माझ्याहून वर होता.

"बसमध्ये उभी राहून आली मी, म्हणून," आई चिडून म्हणाली.

सिस्टरने घड्याळ पाहिलं आणि आईला टेकून बसायला सांगितलं. आई बसली. पाच मिनिटं ती माझ्याकडे बघतच नव्हती. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुले माह्यामुळंच झालं का हे?"

"तसं नसते, आई," मी म्हटलं. पण मलाही ते पक्कं माहीत नव्हतं. आम्ही बसस्टँडकडे निघालो. आई नेहमीपेक्षा भरभर चालत होती, आणि मी तिला सारखी हळू चाल म्हणत होते.