शेवटचा नंबर कुणाचा

आमच्या वहिनीच्या धाकट्या बहिणीइतकी संशयी बाई नांदेडपासून लातूरपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि डोळे झाकून सगळा भार टाकावा अशीही तिच्याशिवाय दुसरी सापडणार नाही. फोनवर कुणी "मी बोलतोय" म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला, "मी म्हंजी कोण?" सख्ख्या मेहुण्याला, म्हणजे माझ्या भावालाही, ती नाव-गाव सांगायला लावते. एकदा लग्नाच्या मांडवात कुणीतरी म्हणालं, संतोषमामांना जेवायला बसवा. एक संतोषमामा लगेच पानावर बसलेही. हिनं मात्र चौकशी करून मांडवात आणखी संतोषमामा काढले आणि ज्यांच्यासाठी निरोप होता ते खरे मामा पाण्याच्या टँकरमागे रुसून, उपाशी बसलेले शोधून आणले. "नाव काय, कुणाचंबी असतंय भाऊ," ती मला म्हणाली. "नावावर माणूस धरायचा न्हाई."

एका रक्तपेढीच्या नांदेड आणि लातूर अशा दोन शाखांचे कॉम्प्युटर ती सांभाळते. मी त्याच रक्तपेढीसाठी शिबिरं भरवतो, त्यामुळे तिचा हा स्वभाव मला पगारी वेळेत बघायला मिळतो. तिच्या कामाचं मूळ एवढंच. रक्तदाता आला की त्याचं नाव, गाव, रक्तगट एका तक्त्यात जातो आणि कॉम्प्युटर आपोआप पुढचा नंबर त्याला देतो. रक्ताच्या पिशव्यांचा तक्ता वेगळा. तिथं नाव नाही, गाव नाही, फक्त दात्याचा तो नंबर. पिशवी कुणाची हे सांगणारा तेवढा एकच धागा, आणि त्या धाग्याला ती जिवापलीकडे जपते. एकदा एक पुढारी कार्यकर्त्यांसह रक्त द्यायला आले आणि अडून बसले, आमच्या गाडीचा नंबर एक आहे, इथंही एकच पाहिजे. सगळे हात चोळत उभे राहिले. ही शांतपणे म्हणाली, "साहेब, नंबर मी देत न्हाई, मशीन देतंय. त्याला तुम्हीबी सारखे अन् मीबी सारखीच." पुढाऱ्यांनी गाडीचा विषय परत काढला. "गाडी रक्त देत असंल तर आणा, तिचीबी नोंद करते." पुढारी हसले आणि निमूट आडवे झाले. नंबर काय आला हे त्यांनी नंतर विचारलंही नाही.

मग दोन्ही शाखांच्या नोंदी एकत्र करायचं ठरलं. दोन्हीकडचे नंबर एकपासून सुरू झालेले, तेव्हा लातूरच्या दात्यांना नांदेडच्या यादीत नवे नंबर मिळणार आणि त्यांच्या पिशव्याही त्या नव्या नंबरांमागे न्याव्या लागणार. बाहेरून आलेल्या इंजिनिअरनं त्यासाठी प्रोग्राम लिहिला. एक दाता भरायचा, कॉम्प्युटरला विचारायचं की शेवटचा नंबर कोणता निघाला, आणि त्या नंबरावर त्याच्या पिशव्या टांगायच्या. ही ते वाचूनच अस्वस्थ झाली. "नावनोंदणीचा काउंटर चालू असताना शेवटचा कोणता असं विचारू नका. तुम्ही विचारेपर्यंत मधीच दुसरा कुणी नाव नोंदवून गेला तर? मी भरलेल्या माणसाला कोणता दिला, असं विचारा." इंजिनिअरनं मान डोलावली, पण असा योगायोग कितीदा येणार, असंही म्हणाला. हे काम नेमकं शिबिराच्या दिवशी ठरलेलं, आणि रक्तपेढी चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरांना त्या दिवशी काउंटर बंद ठेवायचा नव्हता. ही वादात हरली, पण एक गोष्ट पदरात पाडून घेतली. प्रत्येक दात्यासमोर आणि प्रत्येक पिशवीसमोर लातूरचा जुना नंबर वेगळ्या रकान्यात राहू द्यायचा. "ही अडगळ कशाला?" डॉक्टरांनी विचारलं. "राहू द्या की सर. खायला तर मागत न्हाई."

शिबिराच्या दिवशी सकाळीच सगळं एकत्र झालं आणि लातूरला पिशव्यांवर नव्या नंबरांची, त्या नंबराच्या दात्याचा रक्तगट छापलेली लेबलंही लागली. नांदेडच्या ऑफिसात मी तिच्या शेजारीच होतो. तिनं सगळ्यात आधी स्वतःचं नाव काढलं. लातूरला तिनं नुकतंच रक्त दिलं होतं. नाव होतं, गाव होतं, पिशवी मात्र नव्हती. तिनं पिशवीचा क्रमांक टाकून शोधलं, तर ती इस्लापूरच्या एका पैलवानासारख्या गृहस्थाच्या नावावर निघाली. ते गृहस्थ बाहेर रक्त देऊन बिस्किट खात बसले होते.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "माझं रक्त त्यांच्या नावावर गेलंय. मी ओ पॉझिटिव्ह, ते बी. आता माझ्या पिशवीवर बी छापलं असंल."

मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहून मी खुर्ची जवळ ओढली. तिनं लातूरला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञबाई घाईत होत्या. निलंग्याची एक बाळंतीण, रक्तस्राव थांबत नव्हता, गट ओ निगेटिव्ह. त्या गटाची एकच पिशवी फ्रीजमध्ये होती आणि बाई ती काढूनच बसल्या होत्या.

"लेबल बघू नका," ही म्हणाली. "पिशवी आधी हातानं तपासा."

डॉक्टरांनी तिच्या हातातून फोन घेतला. "ती बाई तिकडं मरून राहिली अन् तू तपासण्या कसल्या सांगतीस?"

"सर, तपासायला लावा. बिल्कुल गप बसते मी मग."

फोन चालूच राहिला. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. थोड्या वेळानं पलीकडून बाईंचा बारीक आवाज आला, "ही ए पॉझिटिव्ह निघाली हो."

आता ओ निगेटिव्ह आणायचं कुठून, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. ही तेवढ्यात कामाला लागली होती. अडगळ म्हणून राहिलेल्या जुन्या नंबरांवरून एकेक पिशवी तिच्या खऱ्या दात्याकडे परत पाठवू लागली. मी देवळात कधी इतका स्तब्ध उभा राहिलेलो नाही. एकदम ती फोनकडे वळली. "एबी लिहिलेली एक पिशवी असंल, क्रमांकाच्या शेवटी सत्तेचाळीस. ती ओ निगेटिव्ह हाय. पण माझंबी ऐकू नका, तपासा."

बाईंनी तपासली. ओ निगेटिव्हच होती. बाळंतिणीच्या रक्ताच्या नमुन्याशी मिसळून पाहून जुळल्यावर ती निलंग्याला रवाना झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण बरी असल्याचा निरोप आला. इंजिनिअर कानकोंडा होऊन हिच्यासमोर बसला होता. हिनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "होतंय असं. पुढल्या वेळी काउंटर बंद करून घेऊ." डॉक्टरांनी ते तिथल्या तिथं कबूल केलं.

परवा शिबिराच्या कामानं कंधारला वहिनीच्या माहेरी गेलो, तर तीही तिथं आलेली होती. तिचे वडील एस.टी.च्या डेपोत मिस्त्री होते. हल्ली त्यांना विस्मरण होतं. अंगणात खुर्चीवर बसले होते. हिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"संगे, आलीस का गं?"

संगीता म्हणजे आमची वहिनी. मला वाटलं, आता ही विचारणार, संगी म्हंजी कोण? मी वाट बघत राहिलो.

"हाव बाबा, आले," ती म्हणाली.

"लेकरं बरी हायत?"

"बरी हायत."

"अन् धाकटी? ती नांदेडला असती न्हवं? लई दिस झाले, दिसली न्हाई. तिला म्हणावं, येत जा."

"सांगते बाबा," ती म्हणाली, आणि खाली वाकून त्यांच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावू लागली.