पारापुढून चपला

आखाडा बाळापूरला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. माणसांना चालायला लावून त्यांचं शूटिंग घेणं हा माझ्या कामाचा भाग. घोटा, गुडघा, कंबर इथं ठळक खुणा चिकटवायच्या, कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि माणसाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवायचं. मग तेच चित्र कॉम्प्युटरवर हळूहळू सरकवत बघायचं, म्हणजे पाऊल कुठं चुकतं, कंबर कुठं कलते ते कळतं. खुणांसाठी मी बाजारातल्या मोठ्या लाल टिकल्या वापरते. मिशांना पीळ दिलेल्या बागायतदाराच्या गुडघ्यावर टिकली लावली की तो आधी दाराकडे बघतो, ओळखीचं कुणी आलं तर नाही ना म्हणून. मला ते फार आवडतं.

अडचण एकच. आमच्याकडे कॅमेरा म्हणजे लग्नाचं शूटिंग. तो सुरू झाला की पाय ओढत आलेला माणूसही नवरदेवासारखा चालतो.

माझ्या सासूबाईही त्यातल्याच. हळदीच्या रानात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डावा पाय जरासा आखूड राहिला. मी डाव्या चपलेला जाड तळ लावून दिला आणि चप्पल निसटू नये म्हणून मागे पट्टा. दवाखान्यात त्या चपला घालून चालल्या की कंबर अगदी सरळ. तरी दुखणं वाढतच होतं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, महिनाभरात उतरलं नाही तर पुन्हा उघडून बघावं लागेल. तेव्हापासून सासूबाईंचं जेवणावरचं मनच उडालं.

"म्या त्या टेबलावर परत चढत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुजा कॅमेरा खोटा हाय का माजी कंबर, तेवढं सांग."

शेवटी रविवारी मी चोरून शूटिंग घ्यायचं ठरवलं. सासूबाई सकाळी रानाकडे निघाल्या आणि मी फोन धरून कडब्याच्या गंजीआडून त्यांच्या मागे. गल्लीत चाल झकास होती. मग मारुतीचा पार आला. पारावर गावातले थोरले बसलेले, मधोमध सासूबाईंचे मोठे दीर, ज्यांना मी मोठे मामा म्हणते. सासूबाईंनी पदर पुढे ओढला, भिंतीला टेकून चपला काढल्या, काखेत मारल्या आणि डावीकडे कलत कलत पार ओलांडला. थोरल्यांपुढून बाईनं चपला घालून जायचं नाही, ही आमच्या गावची रीत. मी स्कुटीवरून जाते, म्हणून मला कुणी काही म्हणत नाही. पुढे रानापर्यंत टेकायला भिंत नाही आणि पट्टा लावायला वाकवत नाही, म्हणून त्या दिवसभर अनवाणीच राहायच्या.

"आत्या, हे काय?" मी संध्याकाळी सासूबाईंना विचारलं.

"मंग काय, भाऊजींच्या म्होरून चपला वाजवत जाऊ? आन् त्यांना काय बोललीस तर बघ."

बोलायची मला बंदी होती, दाखवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन आणि टिकल्या घेऊन मी पारावर गेले. म्हटलं, मोठे मामा, जुन्या माणसांची चाल बघायची आहे. सगळ्यांनी धोतरं वर करून गुडघे पुढे केले, टोप्या सारख्या केल्या आणि वरातीत चालावं तसे चालले.

मग मी फोनवर टिपलेलं दाखवलं. मामांनी स्वतःला बघून विचारलं, "ह्यो वाकडा म्हातारा कोन?" सगळे हसले. तेवढ्यात पुढचं शूटिंग 'चुकून' सुरू झालं, सासूबाईंचं. मामा फोनवर वाकले.

"ही काहून अशी चालून राहिली?"

"चपला काखेत आहेत म्हणून," मी म्हणाले आणि टेबलाचंही सांगून टाकलं.

धाकट्या भावाच्या बायकोशी मामा आजवर समोरासमोर बोलले नव्हते आणि बोलले असते तरी तिनं चपला घातल्या नसत्या. त्यांनी गुडघ्यावरची टिकली खरवडून काढली आणि मला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या सकाळी सासूबाई आल्या, पदर ओढला, भिंतीकडे हात नेला. मामा जागेवरच वळले आणि रस्त्याला पाठ करून मारुतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या मागोमाग अख्खा पार वळला. समोर कुणीच उरलं नाही. सासूबाई जराशा थांबल्या आणि चपला न काढता तशाच पुढे गेल्या, कंबर सरळ ठेवून.

महिन्यानं दुखणं उतरलं आणि हाडाच्या डॉक्टरांनी टेबलाचं नाव काढलं नाही. त्या रात्री सासूबाई दोन भाकरी जास्त जेवल्या.

आता त्या रोज सकाळी पारापुढून तीनदा जातात. एकदा रानाकडे निघताना, मग विळा घरी राहिला म्हणून परत येताना आणि तो घेऊन पुन्हा जाताना. म्हातारे बिचारे दर वेळी फिरून बसतात. परवा मी त्यांचं शूटिंग घेऊन सावकाश सरकवून बघितलं. विळा पहिल्या फेरीपासून त्यांच्या कमरेलाच खोचलेला होता.