बोट न ठेवलेली दरी

ऑर्विल ट्वेटने आपली शिकारीची जागा चव्वेचाळीस वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. पहाटे गाडी काढायची ती मुद्दाम उलट्या दिशेला, आणि मग मागच्या रस्त्याने वळसा घालून फिडलर दरीत उतरायचं. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. तो आणल्यावर कोणी विचारलंच, "कुठे लागला?", तर ऑर्विलचं उत्तर ठरलेलं, "खांद्यामागे." अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या त्या कोपऱ्यात याला कोणी लबाडी म्हणत नाही. माणूस एक वेळ आपल्या ताटातलं देईल, पण एल्क कुठे बसतो ते सांगणार नाही.

दरीचा डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. म्हणून तर ऑर्विलसारखा गिरणीतला कामगार ऑक्टोबरात, शिकारीच्या हंगामात, तिथे राजासारखा फिरे. पण त्या डोंगराचं भांडण बारा वर्षं मिटेना. डेमोक्रॅट सेनेटर बाई म्हणायच्या, सगळा राखा, एक चाक आत जाता कामा नये. रिपब्लिकन खासदार म्हणायचा, सगळा लाकूडतोडीला द्या. शेवटी ऑर्विलनेच दोघांना शिसपेन्सिलीने पत्रं लिहिली, एक नाही, दहा-दहा. "तुमचं भांडण संपेस्तोवर जनावरं संपतील," असं त्यात होतं. एका मार्चात दोघांची माणसं गावच्या सभागृहात एका टेबलाशी बसली. ऑर्विलने त्यांना एल्कचं सॉसेज तळून वाढलं.

सेनेटर बाईंच्या कचेरीतल्या कोरिनबाईंनी नकाशा पसरला. "अर्धा राखायचा, अर्धा तोडीला द्यायचा, हे दोन्हीकडून कबूल आहे. जे राखायचं त्यावर शिकाऱ्यांनी बोट ठेवावं, त्याभोवती मी रेघ मारते."

सभेला जमलेले गावातले तीसेक शिकारी पुढे झाले. सगळ्यांनी हायवेवरून दिसतो तो कडा दाखवला. सगळ्यांनी मोठं तळं दाखवलं.

"मिस्टर ट्वेट, तुमचं काय?"

ऑर्विलचं बोट फिडलर दरीवर पोचलं होतं, आता कागदाला टेकणार एवढ्यात त्याला दिसलं, गिरणीत तीस वर्षं सोबत काम केलेला डेल ह्रुस्का मान लांब करून बघतोय. बोट सरकलं.

"तळं छान आहे," ऑर्विल म्हणाला. इतक्या उभ्या दरीत लाकडं तोडायला कोण मरायला येतंय, असं त्याने मनाशी धरलं.

कायदा झाला. दोन्ही पुढारी तळ्याकाठी आले, हातात हात घालून फोटो काढले, भाषणात ऑर्विलचं नाव घेतलं. त्याच आठवड्यात पोस्टाच्या भिंतीवर तोडीची यादी लागली. पहिलंच नाव, फिडलर दरी.

दुसऱ्या सकाळी ऑर्विल खाणावळीत डेलसमोर येऊन बसला. "फिडलर दरी गेली, डेल."

"तुला काय करायचंय तिचं?"

"चव्वेचाळीस वर्षं तिथेच मारतोय मी."

डेलने कॉफी ढवळली, ढवळतच राहिला. "काहीही बोलू नकोस. तिथे मी मारतो. सत्त्याऐंशी सालापासून. पूर्वेच्या अंगाने चढतो."

"मी उत्तरेकडून," शेजारच्या टेबलावरचा लायल न्हावी मान न वळवता म्हणाला.

खाणावळीची मालकीण व्हर्ना अंडी परतत होती. "माझा नवरा मरेपर्यंत तिथेच जायचा. मला शपथ घातली होती त्याने."

"मग सभेत बोलली का नाहीस, बाई?" ऑर्विलने विचारलं.

"बोलणार कशी? समोर तुम्हीच बसला होतात ना."

ऑर्विलने कोरिनबाईंना फोन केला. त्या वाईट बोलल्या नाहीत. "एक रेघ हलवली, तर दुसरा पक्ष सगळाच करार मोडेल, मिस्टर ट्वेट. तेव्हा एकाने जरी बोट ठेवलं असतं..."

"हो," ऑर्विल म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या ऑक्टोबरात तो तळ्याकडे गेला. रान राखलेलं, निवांत, कोणाला दोष देता येऊ नये असं. पण तिथला वारा कसा फिरतो, जनावर पाण्याला कुठून उतरतं, हे त्र्याहत्तराव्या वर्षी नव्याने कोण शिकणार? आठ दिवस हिंडून तो रिकामा परतला.

आता खाणावळीत सकाळी चौघं दरीबद्दल मोकळेपणी बोलतात. कोणता झरा, कोणतं पडलेलं झाड, कुठल्या कपारीत नर उभा राहायचा, सगळं. दरीतून ओंडक्यांचा ट्रक खाली उतरला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. तो वळणाआड जाईपर्यंत चौघं आपापले कप धरून ठेवतात.