कुशनच्या पलीकडचा चेंडू

भूमिती शिकवायला लागले तेव्हा मुलींपेक्षा मीच तिला जास्त घाबरत होते. नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत माझी कच्ची नोकरी. इन्स्पेक्टर साहेबांसमोर तास नीट झाला तर कायम, नाहीतर बसा घरी. घरी धाकटे तिघं शिकत होते. घाबरू नको तर काय करू?

बाबा साहेबलोकांच्या क्लबात बिलियर्डचे मार्कर. गुण पुकारायचे, काठीला खडू लावून द्यायचे. शाळेत मी 'खाजगी नोकरी' म्हणून वेळ मारून नेत असे.

एकरूप त्रिकोण काही केल्या मुलींच्या डोक्यात शिरेनात. रडकुंडीला आले, तेव्हा बाबांनी स्वयंपाकघरात दोन गोट्या मांडल्या. एक भिंतीवर आपटून दुसरीला मारायची. म्हणाले, दुसरी गोटी भिंतीच्या पलीकडे तितक्याच अंतरावर आहे असं समज आणि तिच्यावर नेम धर. मारली, आणि लागली की हो! चौथी शिकलेला माणूस. मी जमिनीवर खडूनं रेघा ओढल्या, तर अख्खी सिद्धता तयार.

तपासणीच्या दिवशी माझ्या हातून खडू दोनदा मोडला. फळ्यावर बिलियर्डचं टेबल काढलं, त्याची कुशन म्हणजे रबरी कड, कुशनच्या पलीकडचा खोटा चेंडू. मुली भराभर कोन सांगू लागल्या. साहेब उठून पुढे आले. आपण रोज क्लबात खेळतो, पण हे कधी सुचलं नाही, म्हणाले.

"बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मोठ्या बाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. या साहेबांच्याच काठीला खडू लावणाऱ्याची मी पोरगी, हे सांगितलं तर कायम करतील?

"पुस्तकात वाचलं," मी म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे शिफारस लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात दाढी करत होते. त्यांच्याकडूनच कळलं, साहेबांनी आदल्या रात्री क्लबात सगळ्यांना त्या तासाची गोष्ट सांगितली होती, शाळेच्या नावासकट. बाबा तिथेच टेबलाशी उभे होते, पण ती आपली मुलगी असं त्यांनी सांगितलं नव्हतं. आता रागावतील म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

बाबा रागावले नाहीत. साबणाचा ब्रश हातात तसाच धरून म्हणाले, "मले वाटे हे मीच शोधलं. साहेब म्हणे पुस्तकात हाये. मले दाखवजो ना वं ते पुस्तक."