बिनपायाचा बैल

चूक माझीच होती, पण आमच्या उंद्रीच्या अंगणवाडीताई माणसाला ती कबूल करायचीही उसंत देत नाहीत. प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात. मुलं गुळाच्या कणकेचे बैल करत होती, ताई ते तव्यावर भाजत होत्या आणि आम्हा आईबापांना दटावत होत्या, "हात मांगं घ्या, मांगं घ्या!"

तरी मी मुलीच्या बिनपायाच्या बैलाला गुपचूप चार पाय लावले. भाजलेला बैल बघून ती रडायला लागली, खाईचना.

"काऊन लावले, भाऊ? बसेल होता तिचा बैल, बसेल होता!"

"बसलेला होता? अहो, मी मदत केली."

"कोनं मागतली?" ताईंनी चारही पाय मोडून स्वतःच खाल्ले. "कच्चे हायेत, कच्चे."

सगळे हसले. मी चिडलोच होतो. पण पोर अजून मुसमुसत होती. तिच्यासमोर मांडी घालून म्हणालो, "चुकलो, बाई. तुला विचारायला हवं होतं."